मापात न बसणारी माणसं

मुंबईच्या लोकलचा डबा ३६६० मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे बारा फूट. देशातल्या इतर बहुतेक ब्रॉडगेज गाड्यांचे डबे ३२५० मिमीच्या आसपास थांबतात. शेजारी शेजारी असलेल्या दोन मार्गांच्या मध्यरेषांमध्ये कमीत कमी किती अंतर असावं, याचं उत्तर रेल्वेच्या पुस्तकात दोन आकड्यांत दिलंय. जुन्या कामांसाठी ४२६५ मिमी आणि नव्या कामांसाठी ५३०० मिमी. जुना आकडा घेऊन वजाबाकी केली, तर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या अंगांमध्ये उरतात ६०५ मिमी. दोन फुटांनाही किंचित कमीच. तेही मार्ग सरळ असेल तर, आणि कागदावर गाड्या हलत नाहीत म्हणून. नवा आकडा घेतला तर हीच जागा १६४० मिमी होते. दोन्ही आकडे कायदेशीर आहेत. दोन्ही एकाच पुस्तकात, एकाच नोंदीत, एकाखाली एक छापलेले आहेत.

सगळीकडे नेमकं किमान अंतरच आहे, असं अर्थातच नाही. कित्येक ठिकाणी ते जास्त आहे. पण नियम म्हणजे खालची मर्यादा, आणि या ठिकाणी ती मर्यादा दुहेरी आहे. रूळ केव्हा टाकले यावर ती ठरते. त्या रुळांवरून आज कोण जातंय, किती जण जातायत, कसे जातायत, याच्याशी तिचा संबंध नाही. या लेखाचा विषय एवढाच आहे: सुरक्षिततेच्या नियमाला अपवाद कुणासाठी होतो, त्या बदल्यात काय मागितलं जातं, आणि ते कोण देतं.

ज्या पुस्तकाबद्दल बोलतोय त्याचं नाव ‘शेड्यूल ऑफ डायमेन्शन्स’. रेल्वेतली माणसं त्याला एसओडी म्हणतात. १६७६ मिमी गेजसाठीची, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजची, एक सुधारित आवृत्ती २००४ मध्ये निघाली. फलाटाची कड रुळाच्या मध्यापासून किती लांब असावी, पुलाचा तळ किती उंच असावा, विजेचा खांब कुठे रोवावा, डब्याची रुंदी-उंची कुठवर जावी, हे सगळं त्यात मिलिमीटरमध्ये आहे. मूळ कल्पना साधी आहे. गाडीसाठी एक बाह्यरेषा आखायची आणि सांगायचं की गाडीचा कुठलाही भाग हिच्या बाहेर येणार नाही. मग बांधकामासाठी दुसरी रेषा आखायची आणि सांगायचं की कुठलंही बांधकाम हिच्या आत शिरणार नाही. दोहोंमधली जागा हलण्याडुलण्यासाठी, झिजलेल्या चाकांसाठी, वळणावरच्या कलंडण्यासाठी राखून ठेवायची.

पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागातली मापं सर्वांनी पाळायची. ती मोडून काही बांधायचं असेल तर रेल्वे सुरक्षा आयुक्तांमार्फत रेल्वे बोर्डाची आगाऊ मंजुरी लागते. दुसऱ्या भागात ती मापं आहेत जी पहिल्या भागात बसत नाहीत, पण जुन्या मार्गांवर आधीपासूनच आहेत म्हणून चालवून घेतलेली आहेत. म्हणजे अपवादांसाठी नियमांच्या पुस्तकातच स्वतंत्र दालन आहे. बाहेरच्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. मला यात गैर काही दिसत नाही. उलट रेल्वेच्या कारभारातली ही एक प्रामाणिक गोष्ट आहे असं मी म्हणेन. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हापासून एकावर एक चढत गेलेलं हे बांधकाम आहे. उद्या कुणी फर्मान काढलं की नव्या मापात न बसणारं सगळं आजच बंद, तर मध्य रेल्वेची उपनगरी वाहतूक दुपारपर्यंत ठप्प होईल आणि ते सगळे लोक रस्त्यावर येतील. रस्त्यावर माणूस रेल्वेपेक्षा जास्त सुरक्षित असतो असं आपल्या देशात तरी कुणी म्हणणार नाही. अपवाद लागतातच. ‘शून्य तडजोड’ हा शब्द भाषणात बरा. ज्याला उद्या सकाळी पहिली लोकल सोडायची आहे त्याला तो परवडत नाही.

अपवाद लागतात हे एकदा मान्य केलं की मग तो कसा केला जातो याकडे बघावं लागतं. आणि इथे रेल्वेचं एक वागणं लोखंडासाठी आहे, दुसरं माणसासाठी.

लोखंडाबाबत रेल्वे फार काटेकोर असते. एखाद्या वीजकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर रेल्वेने न्यायचा आहे आणि तो वॅगनच्या बाह्यरेषेबाहेर येतोय, असं समजा. अशा मालाला रेल्वेत ओडीसी म्हणतात. त्याचा आकार काढून तो मार्गातल्या प्रत्येक पुलाशी, खांबाशी, फलाटाच्या छपराशी ताडून पाहतात. किती जागा शिल्लक राहते त्यावरून त्याचे अ, ब, क असे वर्ग पाडतात. जागा जितकी कमी तितक्या अटी कडक. वेग उतरवायचा, नेमक्या मार्गानेच न्यायचा, सगळ्यात अवघड वर्गातला माल सुरक्षा आयुक्तांच्या संमतीने, दिवसाउजेडी आणि सोबत रेल्वेचे जाणकार कर्मचारी देऊन न्यायचा. कोकण रेल्वेवर कोलाडहून वेर्ण्याला १९९९ पासून मालट्रक वॅगनवर चढवून नेतात, तिथेही उंचीत न बसणाऱ्या ट्रकला वॅगनवर जागा नाही. ड्रायव्हरने कितीही गयावया केली तरी ताडपत्रीखालचा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नाही.

आणखी एक उदाहरण मुंबईकरांच्या समोरचंच आहे. देशातली पहिली वातानुकूलित लोकल एप्रिल २०१६ मध्ये मध्य रेल्वेच्या कुर्ला कारशेडमध्ये येऊन उभी राहिली. चाचण्या झाल्या, फोटो छापून आले. पण गाडीची उंची आणि कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीकडे जाताना लागणारे जुने, बुटके पूल यांचा मेळ बसेना. कुणीही असं म्हटलं नाही की पुलाखालून जाताना मोटरमनने जरा सांभाळून न्यावी. गाडी सरळ पश्चिम रेल्वेला दिली आणि २५ डिसेंबर २०१७ ला ती बोरिवली-चर्चगेट मार्गावर धावली. मध्य रेल्वेवर वातानुकूलित लोकल यायला २०२० उजाडलं. एका गाडीचं छप्पर मापात बसत नव्हतं म्हणून मध्य रेल्वेचे प्रवासी काही वर्षं थांबले. बरोबरच केलं. छप्पर मापात बसत नसताना गाडी नेणं म्हणजे गुन्हा.

आता माणसाकडे येऊ. सकाळी आठ-साडेआठला दिव्याच्या फलाटावर उभं राहावं. कल्याण-डोंबिवलीकडून भरून आलेली गाडी थांबते तेव्हा दारातल्या माणसांच्या पायाची फक्त पुढची बोटं डब्यात असतात, टाचा हवेत. एक हात मधल्या दांड्यावर, नाहीतर दांडा पकडलेल्या कुणाच्या तरी मनगटावर. चढणारे ‘आत चला, आत चला’ ओरडतात आणि आतून ‘जागा कुठाय’ असं येतं. दोघांचंही खरं असतं. शेवटी चढलेल्याची पाठ दाराच्या चौकटीच्या एक-दीड फूट बाहेर, आणि पाठीवर बॅग असेल तर आणखी. बायकांच्या डब्यात चित्र वेगळं नाही, फर्स्ट क्लासमध्येही नाही. या अवस्थेला रेल्वेने ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नाव दिलंय, म्हणजे चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं. नाव दिलं याचा अर्थ मोजलं. डब्याच्या आतली दाटी मोजली, तिच्यासाठी स्प्रिंगा आणि ब्रेक ठरवले. पण त्या दाटीमुळे डब्याबाहेर आलेलं माणसाचं शरीर कुठल्याही नकाशात नाही. गाडीची बाह्यरेषा दाराच्या चौकटीशी संपते. त्यापुढचा माणूस कागदाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी एकमेकांवर आदळून रुळांवर पडले. चार जण त्याच दिवशी गेले. पहिल्या दिवसापासून चर्चा फिरत राहिली ती पाठीवरच्या बॅगांभोवती. कुणाची बॅग कुणाला लागली, बॅगा पुढे का घेत नाहीत, वगैरे. बॅग लागली असेलही. पण बॅग लागण्यासाठी आधी दोन गाड्यांमधली जागा इतकी कमी असावी लागते की एका बॅगेने फरक पडावा. वर केलेली वजाबाकी पुन्हा करून पाहा: किमान अंतराच्या मार्गावर दोन फूट जागा, दोन्ही बाजूंनी एकेक फूट बाहेर आलेलं माणूस. बाकी शून्य. बॅगेचा हिशोब तर अजून मांडलाच नाही.

त्यात वळण. वळणावर लांब डबा कमानीसारखा वाकत नाही, तो सरळच राहतो. त्यामुळे डब्याचा मधला भाग वळणाच्या आत झुकतो आणि दोन्ही टोकं बाहेर येतात. बाहेरच्या मार्गावरच्या डब्याचं पोट आणि आतल्या मार्गावरच्या डब्याचं टोक एकमेकांकडे सरकतात. शिवाय वळणावर एक रूळ उंच ठेवलेला असतो, म्हणून गाडी कलते, आणि शेजारच्या दोन मार्गांचा कल वेगवेगळा असला तर खिडकीच्या उंचीवर अंतर आणखी बदलतं. हे काही गुपित नाही. वळणाच्या तीव्रतेनुसार किती वाढीव अंतर द्यायचं याचे तक्ते त्याच पुस्तकाच्या परिशिष्टात आहेत. ते तक्ते करणाऱ्यांनी डब्याचा विचार अगदी बारकाईने केलाय. दाराबाहेरच्या माणसाचा विचार त्यात नाही, कारण तो तिथे असताच कामा नये असं गृहीत आहे.

हे गृहीत म्हणजेच खरा अपवाद आहे, आणि तो कुठेच लिहिलेला नाही. ट्रान्सफॉर्मरचा अपवाद लिहिलेला असतो, त्याला तारीख असते, मंजुरी देणाऱ्याची सही असते, वेगाची अट असते. बुटक्या पुलाचा अपवाद दुसऱ्या भागात बसतो. पण रोज सकाळी गाडीच्या बाह्यरेषेच्या फूट-दीड फूट बाहेर येणाऱ्या हजारो शरीरांना रेल्वे वर्षानुवर्षं चालवून घेते. ती गाडी थांबवत नाही, तिचा वेग कमी करत नाही, समोरून येणाऱ्या गाडीची वेळ बदलत नाही. चालवून घेणं ही मंजुरीच असते, फक्त बिनसहीची. आणि तिची अट पाळायची जबाबदारी, म्हणजे श्वास रोखून आत सरकण्याची, ज्याला सरकायला जागा नाही त्याच्यावर.

यावर रेल्वेच्या बाजूने एक कायदेशीर उत्तर आहे, आणि ते मी ऐकून घ्यायला तयार आहे. फूटबोर्डवरून प्रवास करणं गुन्हा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १५६ खाली त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. मग जो गुन्हाच आहे त्याला मापात जागा का द्यायची? पण ते कलम नीट वाचावं. रेल्वे कर्मचाऱ्याने ताकीद दिल्यानंतरही जो छतावर, पायरीवर किंवा फूटबोर्डवर राहतो, त्याच्यासाठी ते आहे. डोंबिवलीच्या फलाटावर गाडी मोजके सेकंद थांबते. त्या वेळात प्रत्येक दाराशी जाऊन ताकीद देणारा कर्मचारी कुणी पाहिलाय? आणि ताकीद दिली आणि सगळ्यांनी ती ऐकली, तर ते सगळे फलाटावरच राहतील. पुढच्या गाडीला त्यांच्यात नवे मिळतील. गुन्हा आहे म्हणायचं आणि तो होतो असं धरूनच वेळापत्रक चालवायचं, हे दोन्ही एकाच वेळी कसं चालेल?

न्यायालयांनी हे ओळखलंय. गाडीतून पडून झालेल्या मृत्यूची भरपाई देताना रेल्वेची जबाबदारी चुकीवर अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं. चढता-उतरताना झालेला अपघात केवळ निष्काळजीपणा झाला म्हणून ‘स्वतःहून करून घेतलेली इजा’ ठरत नाही, हे २०१८ मध्ये सांगितलं. म्हणजे भरपाईच्या कायद्यात हा माणूस आहे. मोजमापाच्या पुस्तकात नाही. पडल्यावर सरकार त्याला ओळखतं, लटकत असताना नाही.

सगळेच काही नाइलाजाने लटकतात असं नाही, हेही कबूल करायला हवं. दुपारी दोनला रिकाम्या गाडीच्या दारात केस उडवत उभी राहिलेली पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. खांबाला हात लावायची पैज लावणारेही असतात. त्यांना समज द्यावी, दंड करावा, माझी हरकत नाही. पण त्यांचं उदाहरण पुढे करून साडेआठच्या गाडीतल्या माणसाला शहाणपण शिकवणं हा लबाडपणा आहे. दोघांच्या लटकण्याला एकच कलम लागू होतं, एवढंच त्यांच्यात समान आहे.

माणसासाठी माप बदलल्याचं एक उदाहरण आपल्याकडे आहे, आणि ते कसं घडलं ते बघण्यासारखं आहे. उंच फलाटाची नियमातली उंची रुळापासून ७६० ते ८४० मिमी. लोकलच्या डब्याची जमीन त्याहून बरीच वर. त्या मधल्या पोकळीतून माणसं फलाट आणि गाडी यांच्यामध्ये घसरत, हे मुंबईला कित्येक वर्षं माहीत होतं. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने अशा अपघातात दोन्ही हात गमावले. बातमी महाराष्ट्रभर पोचली, उच्च न्यायालयाने रेल्वेला फैलावर घेतलं, आणि फलाट ९०० ते ९२० मिमीपर्यंत उंच करायची कामं जोरात सुरू झाली. म्हणजे जे ८४० च्या वर जात नाही असं सांगितलं जायचं ते जात होतं. फलाट वाटेल तेवढा उंच करता येत नाही, हेही खरं. त्याच रुळांवरून जाणाऱ्या इतर गाड्यांच्या अंगाला तो लागता कामा नये. म्हणून विचारपूर्वक, मोजून, मंजुरी घेऊन साठ-ऐंशी मिलिमीटर मिळवले. या वेळी अपवाद प्रवाशाच्या बाजूने झाला. त्यासाठी आधी दोन हात जावे लागले आणि न्यायालय लागलं. पुस्तकात असलेल्या वाटेने, कुणी न सांगता, तो झाला नाही.

का होत नाही, याचं उत्तर मोजपट्टीत सापडणार नाही, ते मंजुरी देणाऱ्यांच्या रचनेत आहे. अपवाद मागते रेल्वे, आणि शेवटचा शब्दही रेल्वे बोर्डाचा. मध्ये रेल्वे सुरक्षा आयुक्त आहेत. ते रेल्वे मंत्रालयाखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली काम करतात. ही योजना स्वातंत्र्याआधीची, १९४१ पासूनची आहे आणि तिच्यामागचा हेतू चोख होता: तपासणाऱ्याचा पगार ज्याला तपासायचं त्याच्या हातात नको. पण आयुक्तांचं काम मुख्यतः नवा मार्ग उघडताना पाहणी करायची आणि अपघात झाला की चौकशी करायची असं उरलंय. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ च्या अहवालात याच दुखण्यावर बोट ठेवलं. नियम करणं, गाड्या चालवणं आणि नियम पाळले जातात की नाही ते बघणं, या तिन्ही गोष्टी एकट्या रेल्वे बोर्डाकडे आहेत, असं त्या समितीचं निदान होतं आणि कायद्याने स्थापन झालेलं स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरण हवं अशी शिफारस होती. रूळ ओलांडताना देशात वर्षाला सुमारे १५,००० माणसं मरतात आणि त्यातली सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर, हेही त्याच अहवालात होतं. रेल्वेच्या भाषेत हे अपघात नव्हतेच, ती ‘घुसखोरी’ होती. पुन्हा तेच. जो मापात बसत नाही तो हिशोबात नाही.

‘घुसखोर’ कसे तयार होतात याची एक गोष्ट सँडहर्स्ट रोड आणि भायखळ्याच्या मध्ये घडली. तिथला एकोणिसाव्या शतकातला हँकॉक पूल रेल्वेच्या मापाला फारच बुटका होता. मुंबईच्या लोकलचा वीजपुरवठा १५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर नेताना तारेभोवती जास्त मोकळी हवा लागते, म्हणून असे पूल अधिकच अडचणीचे झाले. काही ठिकाणी रूळ खाली घेऊन भागवावं लागलं. जानेवारी २०१६ मध्ये मोठा मेगाब्लॉक घेऊन हँकॉक पूल पाडला. रेल्वेच्या वहीतला एक जुना अपवाद मिटला. पण पुलावरून रोज शाळेत, बाजारात, दवाखान्यात जाणारी माणसं होती. त्यांच्यासाठी पर्याय वेळेवर उभा राहिला नाही, लोक रुळांवरून ओलांडू लागले, मेले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि नवा पूल अर्धा का होईना उघडायला २०२२ साल आलं. गाडीच्या डोक्यावरची जागा मोकळी झाली आणि गाडीच्या समोर माणसं आली. पहिल्याची नोंद इंजिनियरच्या नकाशात झाली, दुसऱ्याची पोलिसांच्या डायरीत. हे दोन कागद एका टेबलावर ठेवणारं कुणी असतं, तर पूल पाडायच्या मंजुरीलाच पादचारी पुलाची अट जोडली गेली असती. ट्रान्सफॉर्मरला जोडतात तशी.

मुंब्र्यानंतर रेल्वेने जाहीर केलं की मुंबईसाठी येणाऱ्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील, आणि सध्याच्या साध्या लोकलनाही ती बसवायचा आराखडा होईल. ही दिशा बरोबर आहे असं मला वाटतं, आणि तिला इतिहासाचा आधार आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात मालगाडीचे ब्रेक लावायला ब्रेकमन डब्यांच्या छतांवरून धावत असत. बुटक्या पुलांना डोकी आपटून ती माणसं मरत. त्यावर तिथल्या कंपन्यांनी उपाय काढला तो असा, की पुलाच्या अलीकडे रुळावर आडवी दांडी उभारून तिला दोऱ्या लोंबकळत्या सोडायच्या. अंधारात दोऱ्या तोंडावर आल्या की ब्रेकमनने समजायचं पूल आला आणि आडवं व्हायचं. पूल तसाच, माणूस छतावर तसाच, वाकायची जबाबदारी त्याची. आपल्या फलाटावर दर दोन मिनिटांनी होणारी ‘दारात उभे राहू नका’ ही उद्घोषणा म्हणजे त्याच दोऱ्या आहेत. खरा फरक पडायला सुरुवात झाली ती १८९३ च्या कायद्याने. त्याने गाड्यांना हवेच्या दाबाचे ब्रेक सक्तीचे केले आणि ब्रेक लावायला माणसाला छतावर जायचं कारणच हळूहळू संपत गेलं. पूल उंच करण्याची वाट न पाहता माणूस धोक्याच्या जागेतून काढला.

बंद दार हे तसंच काम करेल, पण अमेरिकेतल्या ब्रेकमनशी मुंबईच्या प्रवाशाची बरोबरी एका जागी तुटते. ब्रेक यंत्राने लावला की ब्रेकमनला छतावर जायची गरज उरत नाही. दार बंद झालं म्हणून अंधेरीला किंवा भायखळ्याला नऊच्या आत पोचायची गरज संपत नाही. आज जी चार-पाच माणसं दर दारात चौकटीबाहेर आहेत, ती उद्या आत तरी कोंबली जातील नाहीतर फलाटावर राहतील. आत कोंबायची तर बिनवातानुकूलित डब्यात हवा कुठून येणार, हा प्रश्न आहेच. फलाटावर राहिली तर तिथली दाटी वाढणार, आणि दादर-ठाण्याच्या जिन्यांवर आधीच काय होतं ते रोज जाणारे जाणतात. शिवाय दार नीट बंद होईपर्यंत गाडी हलायची नाही असं ठरलं, की प्रत्येक थांब्यावर काही सेकंद जातील, आणि गर्दीच्या तासात सेकंद म्हणजेच गाड्या. दारं लावून दोन फेऱ्या कमी झाल्या तर त्या दोन फेऱ्यांची माणसं पुन्हा उरलेल्या दारांवर.

म्हणून दारांसोबत वहीही बदलायला हवी. माझी मागणी फार मोठी नाही. गर्दीच्या वेळी भरलेल्या लोकलची खरी बाह्यरेषा, म्हणजे दारातल्या माणसांसकट, रेल्वेने मोजावी. मग प्रत्येक मार्गावर, प्रत्येक वळणावर, प्रत्येक खांबाशी ती ताडून पाहावी, जशी ओडीसीची ताडतात. जिथे ती रेषा समोरच्या गाडीला किंवा खांबाला भिडते ती जागा अपवाद म्हणून नोंदवावी आणि नोंदीबरोबर अट लावावी: दारं येईपर्यंत गर्दीच्या तासात तिथे वेग उतरवा, किंवा दोन जलद गाड्या तिथे समोरासमोर येणार नाहीत असं वेळापत्रक बसवा, किंवा खांब हलवा, किंवा पुढच्या मोठ्या कामात मार्गातलं अंतर वाढवा. प्रत्येक अटीपुढे तारीख आणि अधिकाऱ्याचं पद. आणि ही यादी मुंबई विभागाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसेल अशी.

यावर आक्षेप येईल की अशी रेषा काढणं म्हणजे लटकण्याला मान्यता देणं. उद्या प्रत्येक खटल्यात वकील ती यादी पुढे करतील. करू देत. ट्रान्सफॉर्मरची रेषा काढली म्हणून कुणी असं म्हणत नाही की रेल्वेने मापाबाहेरच्या मालाला उत्तेजन दिलं. ती काढली म्हणूनच तो माल कुठल्याही पुलाला न घासता पोचतो. आक्षेपाचं खरं मूळ वेगळं आहे. यादी झाली की ती किती लांब आहे ते दिसेल, आणि वेग उतरवला की किती फेऱ्या जातात ते दिसेल. ती किंमत आजही कुणीतरी मोजतंच आहे, फक्त ती रेल्वेच्या कुठल्या खात्यात पडत नाही. वेळापत्रक आखणाऱ्याला रोजच्या फेऱ्यांच्या आकड्यावर शाबासकी मिळते, आणि त्या फेऱ्या किती अंतरातून काढल्या हे त्याला कुणी विचारत नाही.

रुळांमधलं अंतर वाढवणं हे खर्चाचं आणि जमिनीचं काम आहे, कळव्यापासून कल्याणपर्यंत दोन्ही बाजूंना इमारती टेकल्या आहेत, हे कुणीही मान्य करेल. जुन्या कामांना ४२६५ ची मुभा त्यामुळेच आहे आणि ती उद्या काढता येणार नाही. पण ‘जुनं काम’ किती वर्षं जुनं राहू शकतं याला पुस्तकात मर्यादा नाही. मार्गाची दुरुस्ती होते, स्लीपर बदलतात, सिग्नल बदलतात, वीज बदलते, गाड्यांची संख्या वाढते, नऊ डब्यांच्या जागी बारा आणि पंधरा येतात, तरी मापाच्या दृष्टीने काम जुनंच. निदान एवढा नियम व्हावा की ज्या पट्ट्यात फेऱ्या वाढवायच्या किंवा वेग वाढवायचा आहे, तिथल्या जुन्या मुभा आधी नव्याने तपासल्या जातील, आणि ते तपासणं रेल्वे बोर्डाच्या बाहेरच्या माणसाकडे असेल. काकोडकर समितीचा कागद त्यासाठी तयार आहे. तो लिहून दशकाहून जास्त काळ झाला.

आणि बंद दारांची पहिली साधी लोकल गर्दीच्या तासात धावेल तेव्हा तिच्यात किती माणसं चढली याच्याबरोबर दिव्याला, डोंबिवलीला, ठाण्याला दार लागल्यावर किती मागे राहिली, हेही त्याच दिवशी मोजून जाहीर करावं. तो आकडा आला की पुढच्या किती गाड्या लागतील हे सांगायला नवी समिती नेमावी लागणार नाही.